‘वऱ्हाड’ हा शब्द स्क्रीनवर येतो तरी कसा? लिनक्समधल्या एका चक्राचा इतिहास

राजेहो, आज ना ग्रामपंचायत, ना कापसाचा भाव. आज एका चक्राची गोष्ट सांगतो. पोस्ट लांब आहे, चहा घेऊन बसा. शेवटी ही गोष्ट आपल्या सरकारी दाखल्यांपर्यंत आणि आपल्या मराठीपर्यंत येते, म्हणून लिहितोय.

आधी आपल्याच प्रदेशाचं नाव नीट पाहा : वऱ्हाड. व आणि ड सोपे. मधलं ‘ऱ्हा’ मात्र अवघड. ‘गर्व’मधला र डोक्यावर बसतो, त्याला आपण रफार म्हणतो. ‘वऱ्हाड’मधला र डोक्यावर बसत नाही, तो ह च्या अंगाला आडवा चिकटतो. पऱ्हाटी, तऱ्हा, दुसऱ्याचा, सगळीकडे तसाच. तो चुकून रफार झाला की शब्द मराठी माणसाच्या डोळ्यात खुपतो.

कॉम्प्युटरच्या पोटात हा शब्द म्हणजे नुसते सहा आकडे असतात : व, ऱ, हलन्त, ह, काना, ड. त्यातून नीट जोडाक्षर कोण बनवतं?

लिनक्सवर हे काम मुख्यतः दोघं करतात. एकाचं नाव हार्फबझ. कोणती चिन्हं एकत्र आली की कोणता आकार घ्यायचा आणि तो कुठे ठेवायचा, हे तो ठरवतो. नाव फारसी आहे, ‘ओपनटाइप’चा अनुवाद, म्हणजे ‘उघडं अक्षर’. दुसऱ्याचं नाव फ्रीटाइप. फाँटमधल्या वळणदार रेषा घेऊन तो त्यांचे स्क्रीनवरचे ठिपके बनवतो. अँड्रॉइड, क्रोम, फायरफॉक्स, लिब्रेऑफिस या सगळ्यांत हार्फबझ आहे. तुम्ही ही पोस्ट फोनवर वाचत असाल तर बहुतेक त्याच्याच हातून वाचताय.

आता गंमत ऐका. हार्फबझ बांधताना त्याला फ्रीटाइपची सोय जोडायची, तर फ्रीटाइप आधी तयार पाहिजे. कारण फाँटची माहिती तो त्याच्याकडून घेऊ शकतो. आणि फ्रीटाइप पूर्ण ताकदीने बांधायचा तर हार्फबझ आधी तयार पाहिजे. कारण बारीक आकारातलं अक्षर ठसठशीत दिसावं म्हणून फ्रीटाइप ठिपक्यांची डागडुजी करतो. जोडाक्षरांचे अर्धे आकार युनिकोडच्या यादीत नसतात, ते फाँटच्या पोटात असतात. त्यातला कोणता आकार कोणत्या लिपीचा, हे हार्फबझला विचारावं लागतं.

म्हणजे अ ला ब पाहिजे, ब ला अ पाहिजे. आधी कोण?

यालाच सॉफ्टवेअर बांधणारे लोक ‘सर्क्युलर डिपेन्डन्सी’ म्हणतात. मी साधं चक्र म्हणतो.

हे चक्र आपल्याला नवीन नाही

तहसीलच्या पायऱ्या झिजवलेल्या कोणालाही हे समजावून सांगावं लागत नाही. खातं उघडायला पत्त्याचा पुरावा आणा. पुराव्यासाठी ओळखपत्र आणा. ओळखपत्रासाठी पुन्हा पत्त्याचा पुरावा आणा. बाहेरगावाहून कामाला आलेला मजूर, पालावर राहणारं कुटुंब, एकटी म्हातारी बाई, हे लोक या चक्रात वर्षानुवर्षं फिरतात.

आधारची योजना आखणाऱ्यांना हे माहीत होतं. म्हणून नियमात एक वाट ठेवली : ज्याच्याकडे कोणताच कागद नाही, त्याची ओळख नेमलेला ‘इंट्रोड्यूसर’, म्हणजे परिचय देणारा माणूस, पटवू शकतो. कुटुंबप्रमुखाच्या आधारावर घरच्यांची नोंदणी, ही दुसरी वाट. चक्र कुठेतरी तोडावं लागतं, हे तिथे नियमातच मान्य केलं होतं. कागदाच्या जागी एका ठिकाणी माणूस ठेवला.

लिनक्सवाले नेमकं हेच करत आलेत. फरक एवढाच की आपण चक्र कुठे तोडलं, हे ते लिहून ठेवतात. माझ्या मते सगळी गोष्ट या एका सवयीत आहे.

विरजणाशिवाय दही

हे चक्र लिनक्सपेक्षा जुनं आहे. माणसाला वाचता येईल असा प्रोग्रॅम मशीनच्या भाषेत बदलणाऱ्या हत्याराला कंपायलर म्हणतात. कंपायलर हासुद्धा एक प्रोग्रॅमच. मग कंपायलरला कोण कंपाइल करणार?

१९६२ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीत टिम हार्ट आणि माइक लेविन यांनी लिस्प भाषेचा कंपायलर लिस्पमध्येच लिहिला. लिस्पचा इंटरप्रिटर आधीपासून होता. तो प्रोग्रॅम ओळीओळीने वाचत जायचा आणि सावकाश चालवायचा. त्यावर त्यांनी नवा कंपायलर चालवला आणि त्याला स्वतःलाच कंपाइल करायला लावलं. स्वतःला घडवणारा पहिला कंपायलर म्हणून त्याचं नाव घेतलं जातं.

आपल्या घरात हे रोज होतं. दही लावायला विरजण लागतं आणि विरजण म्हणजे कालचं दही. मग पहिलं दही कुठून आलं? ज्या घरात विरजण संपलं आणि शेजारी कुलूप आहे, तिथली बाई कोमट दुधात हिरव्या मिरचीचे देठ टाकते. सकाळी दही लागतं, पण ते पातळ, चव बेताची. ते कोणी पाहुण्याला वाढत नाही. त्यातलं चमचाभर घेऊन दुसऱ्या दिवशी नवं दही लावायचं. ते बरं लागतं. तिसऱ्या दिवसाचं घट्ट, कवडीदार. देठाची आता गरज नाही.

जीसीसी हा लिनक्सच्या जगातला सगळ्यात मोठा कंपायलर. रिचर्ड स्टॉलमन यांनी तो १९८७ मध्ये पहिल्यांदा लोकांसाठी काढला. आजही तो असाच तीन दिवसांच्या दह्यासारखा बांधतात. मशीनवर आधीपासून असलेल्या कंपायलरने पहिला जीसीसी बांधायचा. त्या पहिल्याने दुसरा. दुसऱ्याने तिसरा. मग दुसरा आणि तिसरा समोरासमोर ठेवून ताडून पाहायचे. दोन्ही तंतोतंत जुळले तर काम बरोबर झालं. नाही जुळले तर कुठेतरी गडबड आहे, थांबा आणि शोधा.

पहिल्या दह्यावर भागवत नाहीत. ते तात्पुरतं आहे हे माहीत असतं आणि त्याच्या जागी पक्कं आणण्याची रीत ठरलेली असते.

डेबियनचं कोठार

लिनक्सवर सॉफ्टवेअर पॅकेजच्या रूपात येतं. पॅकेज म्हणजे बांधलेलं पोतं समजा. आत माल, वर चिठ्ठी. चिठ्ठीवर लिहिलेलं असतं की मला चालायला अमुक अमुक पॅकेजं लागतात. असं एक मोठं स्वयंसेवी कोठार म्हणजे डेबियन. इयन मर्डॉक यांनी ते १६ ऑगस्ट १९९३ ला जाहीर केलं. आज त्यात हजारो पॅकेजं आहेत, उबंटूही त्याच्यावरच उभं आहे.

या कोठारात चक्रं दोन जातीची असतात.

पहिली जात इन्स्टॉल करतानाची. दोन पॅकेजं म्हणतात, दुसरा असल्याशिवाय मी चालणार नाही. डेबियनच्या अगदी तळाशी असंच एक जोडपं आहे : सी भाषेची मूळ लायब्ररी आणि जीसीसीची मदतनीस लायब्ररी. दोघं एकमेकांना धरून. वावरात पऱ्हाट्यांच्या दोन पेंढ्या एकमेकींना टेकवून उभ्या करतो ना, तसं. एक उभी करून दुसरी आणायला गेलं तर पहिली पडते. दोन्ही एकदम उचलायच्या.

डेबियनचं डीपीकेजी हे हत्यार तेच करतं. आधी दोन्ही पोती सोडून माल जागेवर ठेवतं, मग मांडणी करतं. मांडणीलाही क्रम लागतोच. तेव्हा चक्रातल्या ज्या पॅकेजला मांडणीची स्क्रिप्टच नाही त्याच्यापाशी चक्र तोडतं, म्हणजे त्याला आधी तयार धरतं. सगळ्यांनाच स्क्रिप्ट असेल तर मात्र कोणता क्रम लागेल याची हमी नसते.

म्हणून असं चक्र चिठ्ठीतून काढून टाकणं हे पॅकेज सांभाळणाऱ्याचं कामच आहे. नेहमीचं उदाहरण घ्या. एक पॅकेज खेळाचं, दुसरं त्या खेळातल्या चित्रांचं. खेळाला चित्रं लागतात, हे खरं. पण चित्रांना खेळ लागतो का? चित्रं डिस्कवर नुसती पडून राहू शकतात. ती एक ओळ खोडली की चक्र गेलं. कधी दोघांना लागणारा भाग काढून तिसरं पॅकेज करतात. कधी ‘पाहिजेच’ च्या जागी ‘असलं तर बरं’ लिहितात. निम्मी चक्रं खरी नसतातच, कोणीतरी सवयीने चिठ्ठीत ‘पाहिजेच’ लिहिलेलं असतं. (सरकारी अर्जाच्या मागे कागदांची यादी असते. तिच्यावर हाच प्रयोग कोणी करून पाहिल का?)

दुसरी जात बांधतानाची, आणि खरी डोकेदुखी ती. पॅकेज बांधायला कंपायलर लागतो, मदतीची पानं बनवणारं हत्यार लागतं, चाचण्या घेणारं हत्यार लागतं. त्या प्रत्येकाला बांधायला आणखी दहा. फिरून फिरून त्या दहांतलं एखादं म्हणतं, मला मूळ पॅकेजच पाहिजे.

रोज हे जाणवत नाही, कारण कालचं दही घरात असतं. नवी आवृत्ती जुन्या आवृत्तीच्या मदतीने बांधली जाते. जाणवतं ते नवीन घरात. नवीन जातीचा प्रोसेसर आला, त्याच्यासाठी एकही पॅकेज नाही, तेव्हा.

चक्र कुठे तोडायचं?

सगळ्यात कमी ठिकाणी तोडून सगळी चक्रं मोकळी कशी करायची, हे गणित फार अवघड आहे. रिचर्ड कार्प यांनी १९७२ मध्ये अवघड गणितांची २१ नावांची प्रसिद्ध यादी केली, त्यात हे गणित आहे. छोट्या जाळ्यात बसून सोडवता येतं, हजारो पॅकेजांच्या जाळ्यात पक्कं उत्तर झटपट काढण्याची रीत आजवर सापडलेली नाही.

म्हणून डेबियनच्या लोकांनी दोन गोष्टी केल्या. एक, सगळं जाळं वाचून ‘इथे तोडलंत तर जास्त मोकळं होईल’ असं सुचवणारं हत्यार लिहिलं. बॉच त्याचं नाव. योहानेस शावर यांचं ते काम २०१२ मध्ये गूगलच्या विद्यार्थी उपक्रमातून सुरू झालं. दोन, पॅकेजच्या चिठ्ठीतच तात्पुरत्या बांधणीची सोय केली. ‘मदतीची पानं सोडून बांधा’, ‘चाचण्या सोडून बांधा’, ‘पहिल्या टप्प्यापुरतं बांधा’ असे शिक्के ठरवले.

हे अनुभवातून आलेलं शहाणपण आहे. मदतीची पानं बनवणारी हत्यारं आपल्यामागे मोठी वरात घेऊन येतात. पानं नंतर बनवता येतात. एवढं बाजूला ठेवलं तरी कितीतरी चक्रं आपोआप सुटतात. फेडोरा या दुसऱ्या मोठ्या कोठारातही अशीच ‘बूटस्ट्रॅप’ची कळ असते : चालू करून एकदा अपुरं बांधा, बंद करून पुन्हा पूर्ण बांधा.

‘रिस्क-फाइव्ह’ हे नाव ऐकलं असेल. प्रोसेसरचा हा खुला नकाशा कोणालाही वापरता येतो, त्याला रॉयल्टी नाही. आयआयटी मद्रासचा ‘शक्ती’ आणि सीडॅकचा ‘वेगा’ हे आपले देशी प्रोसेसर त्याच्यावरच आहेत. जुलै २०२३ मध्ये डेबियनने रिस्क-फाइव्हला अधिकृत दर्जा दिला, आणि ऑगस्ट २०२५ च्या ‘ट्रिक्सी’ आवृत्तीत ते पहिल्यांदा पक्क्या स्वरूपात आलं. देशी चिपवर चालायला काहीतरी असावं, यासाठी कोणीतरी ही हजारो पॅकेजांची गाठ आधी सोडवली आहे.

आता आपल्या हार्फबझ-फ्रीटाइपकडे या. स्वतःचा लिनक्स स्वतः बांधायला शिकवणारी ‘लिनक्स फ्रॉम स्क्रॅच’ ही पुस्तकमाला आहे. तिच्यात यावरचा उपाय साधा सांगितलाय : आधी हार्फबझशिवाय फ्रीटाइप बांधा, मग त्यावर हार्फबझ बांधा, मग फ्रीटाइप पुन्हा बांधा. मिरचीचं देठ, पातळ दही, घट्ट दही. तोच हिशोब.

हे दोघं एका घरातलेच आहेत बरं का. हार्फबझचं मूळ फ्रीटाइपच्याच जुन्या मजकूर-मांडणीच्या कोडमध्ये आहे. ते कोड पुढे पँगो आणि क्यूट या दोन घरांत वेगवेगळं वाढलं, मग एकत्र आलं. बेहदाद इस्फहबोद या इराणी वंशाच्या प्रोग्रॅमरने ते नव्याने लिहिलं. भाऊ वेगळे झाले, पुन्हा एकमेकांवाचून अडू लागले. घरोघरी मातीच्या चुली.

२०२५ मध्ये फ्रीटाइपने आणखी शहाणी वाट काढली. बांधताना हार्फबझ मागायचाच नाही. प्रोग्रॅम चालू असताना मशीनवर तो सापडला तर वापरायचा, नसेल तर त्याच्याविना काम चालवायचं. ‘पाहिजेच’ चं ‘असलं तर बरं’ झालं, आणि दहा-बारा वर्षांची गाठ सैल झाली.

एकदा सोडवलं म्हणून सुटलं नाही

चक्र एकदा तोडलं की झालं, असं नाही. सांभाळणं हे वेगळं काम आहे आणि त्यात कौतुक कमी.

जुन्या ३२ बिटांच्या मशीनवर वेळेचा आकडा १९ जानेवारी २०३८ ला भरून वाहणार आहे. त्यानंतर घड्याळ उलटं मागे जाईल. म्हणून डेबियनने वेळेचा आकडा मोठा करायचं ठरवलं. ऐकायला एक बदल. पण ज्या लायब्ररीला हात लावला, तिच्यावर उभं असलेलं सगळं नव्याने बांधावं लागतं. आणि नव्याने बांधणारी हत्यारं स्वतःच जुन्या लायब्ररीवर उभी! जुनी आणि नवी एका मशीनवर एकत्र नांदत नाहीत. २०२४ च्या सुरुवातीचे काही महिने ३२ बिटांच्या एआरएम मशीनसाठी लोक ही गाठ हाताने सोडवत होते. वर्षानुवर्षं चाललेलं घर पुन्हा पायापासून उचलल्यासारखं.

नव्या जमान्याच्या हत्यारांत तर चक्र हा नियमच झालाय. जावास्क्रिप्टचं ‘रोलअप’ रोलअपनेच बांधतात. रस्ट भाषेचा कंपायलर आधीच्या आवृत्तीच्या रस्टने बांधतात. गिटलॅबसारखं प्रचंड सॉफ्टवेअर डेबियनमध्ये आणायला प्रवीण अरिंब्रथोडियिल या भारतीय डेबियन डेव्हलपरने पुढाकार घेतला. त्या एकाच्या मागे शेकडो छोटी पॅकेजं आणावी लागली. हे काम करणारी आपल्या देशातली मंडळी थोडी नाहीत. सप्टेंबर २०२३ मध्ये डेबियनची जागतिक परिषद कोचीत भरली, ती उगीच नाही.

विरजणातच विष असेल तर?

१९८३ मध्ये केन थॉम्पसन यांनी ट्युरिंग पुरस्कार घेताना एक भाषण केलं. युनिक्स घडवणाऱ्यांपैकी हा माणूस. त्यांनी दाखवलं की कंपायलरमध्ये एकदा चोरवाट घातली, तर ती स्वतःला पुढच्या कंपायलरमध्ये उतरवत राहील अशी करता येते. मग मूळ कोडमधून ती पुसून टाका, कोड कितीही वाचा, काही दिसणार नाही. कारण खोट कोडमध्ये उरलेलीच नाही, ती विरजणातून पिढ्यान्‌पिढ्या चाललीय.

बऱ्याच लोकांना ही पुस्तकी भीती वाटायची. २९ मार्च २०२४ ला आंद्रेस फ्रॉइंड या इंजिनिअरने जाहीर केलं की फायली दाबून बांधणाऱ्या ‘एक्सझेड’ या छोट्या सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्तीत चोरवाट आहे. दुरून लॉगिन करताना नेहमीपेक्षा अर्धा सेकंद जास्त का लागतो, एवढ्या एका शंकेवरून तो तिथे पोचला होता. थॉम्पसन यांची युक्ती वेगळी आणि ही वेगळी, पण जागा तीच : तळातली. डेबियनची पोती बांधायलाही एक्सझेडच वापरतात. चोरवाट डेबियनच्या चाचणीच्या आवृत्त्यांत पोचली होती, पक्क्या आवृत्तीत यायच्या आत पकडली गेली.

म्हणून काही लोक हट्टाला पेटले : विरजण उसनं घ्यायचंच नाही. गुइक्स हे लिनक्सचंच एक वाण. तिथे सुरुवातीला तयार बियाणं म्हणून २५० एमबीच्या आसपास बांधलेली हत्यारं घ्यावी लागत. वर्षानुवर्षं ती कमी करत एप्रिल २०२३ मध्ये त्यांनी ते बियाणं ३५७ बाइटवर आणलं. देवनागरीतलं एक चिन्ह साठवायला ३ बाइट लागतात. म्हणजे ३५७ बाइट म्हणजे आपली ११९ चिन्हं, या पोस्टच्या दोन-तीन ओळी. एवढं माणूस बोट ठेवून वाचू शकतो. त्यातून थोडं मोठं हत्यार, त्यातून आणखी मोठं, मग छोटा सी कंपायलर, मग जुना जीसीसी, मग आजचा. खाली चालता लिनक्स कर्नल आणि हे सगळं हाकणारं एक हत्यार लागतंच, ते ते लपवत नाहीत. पण साखळीची प्रत्येक कडी दाखवता येते.

वऱ्हाडात बियाण्याची गोष्ट मी कोणाला सांगावी? बीटी कपाशीला देशात २००२ मध्ये परवानगी मिळाली. हायब्रीडचं बी घरचं धरून पुढच्या साली पेरलं तर पीक तसं येत नाही, म्हणून दरसाल पाकीट विकत घ्यावं लागतं. पाकिटातलं बियाणं चांगलं की वाईट, हा वाद इथे नको. पण ते कसं तयार झालं हे आपल्या हातात नाही, एवढं खरं. सॉफ्टवेअरमध्ये हाच प्रश्न आहे : पाकीट चालतंय, पण उद्या ते मिळालं नाही तर आपल्याला पुन्हा पिकवता येईल का?

मराठीचं चक्र

मी पत्रकारितेचा डिप्लोमा करून कामाला लागलो तेव्हा मराठी म्हणजे डीटीपीचे फाँट. एका ऑफिसात टाइप केलेली बातमी दुसऱ्या मशीनवर उघडली की नुसती आडवीतिडवी चिन्हं. तो फाँट तिथे नसला की मराठी नाही.

तेव्हा लिनक्सवर मराठीचंही एक चक्र होतं, पॅकेजांपेक्षा मोठं. नीट फाँट नाही म्हणून जोडाक्षरं जुळवणारं कोड तपासता येत नाही. कोड तपासलेलं नाही म्हणून फाँट बनवणाऱ्याला कळत नाही की चूक त्याची की कोडची. दोन्ही नाही म्हणून कोणी मराठीत वापरत नाही. कोणी वापरत नाही म्हणून कोणी बनवत नाही.

ते तोडायला २००० च्या आसपास व्यंकटेश हरिहरन आणि प्रकाश अडवाणी यांनी ‘इंडलिनक्स’ सुरू केलं. जी. करुणाकर यांच्यासारख्यांनी ते पुढे नेलं. अपुरे फाँट, अपुरे अनुवाद लोकांसमोर ठेवले आणि सांगितलं की हे अपुरं आहे, चुका कळवा. २००४ मध्ये रेड हॅट कंपनीने ‘लोहित’ नावाचे भारतीय लिप्यांचे फाँट खुल्या परवान्यावर दिले. लोहित म्हणजे लाल. पुढे ते सांभाळायचं काम कंपनीच्या पुण्याच्या ऑफिसातून झालं. प्रवीण सातपुते यांच्या पुढाकाराने ते नव्याने मांडले गेले. २०११ मध्ये फाँटसाठीचा खास खुला परवाना त्यांना लागू झाला. मराठीसाठी वेगळा फाँट होता, कारण मराठीचा ल आणि श हिंदीपेक्षा वेगळा. आपला ‘वऱ्हाड’ लिनक्सवर नीट दिसतो, त्यामागे अशा लोकांचे हात आहेत. ‘आधी अपुरं चालवू, पण अपुरं म्हणूनच चालवू’ हे त्यांनी ठरवलं म्हणून चक्र तुटलं.

मग आपल्याला काय त्याचं?

काल एका इंजिनिअरिंगच्या पोराने मला विचारलं, “काका, तुमी हे काहून लिहिता? गावात कोण वाचते?”

सांगतो काहून ते.

आपल्याकडे ‘स्वदेशी’ सॉफ्टवेअरच्या घोषणा होतात. सीडॅकचं ‘बॉस’ लिनक्स बऱ्याच वर्षांपासून आहे, ते डेबियनवर उभं आहे. यात लाजण्यासारखं काही नाही. खुलं सॉफ्टवेअर घेऊन त्यावर आपलं उभं करणं हा सरळ मार्ग आहे. पण स्वदेशीचा खरा कस नावात किंवा वॉलपेपरवरच्या तिरंग्यात नाही. उद्या बाहेरचं कोठार बंद झालं तर तळापासून पुन्हा बांधता येईल का? चक्रं कुठे आहेत, ती कुठे तोडली, याची वही आपल्याकडे आहे का? ती वही वाचू शकणारी माणसं आपण तयार करतोय का? या तीन प्रश्नांत कस आहे.

आणि दुसरं, कारभाराचं. चक्र तोडायला सगळ्यांनाच तात्पुरतं काहीतरी करावं लागतं. लिनक्समध्ये त्या तात्पुरत्यावर शिक्का असतो : पहिला टप्पा, अपुरं, पुन्हा बांधायचं आहे. आपल्याकडे तात्पुरता पूल, तात्पुरती शाळाखोली, तात्पुरता प्रभारी अधिकारी, सगळं शिक्क्याशिवाय येतं आणि पंधरा वर्षं राहतं. तात्पुरतं करणं हा दोष नाही. त्याची नोंद न ठेवणं आणि पुन्हा बांधायची तारीख न लिहिणं हा दोष आहे.

अमरावती-बडनेऱ्यात, अकोल्यात शिकणाऱ्या कॉम्प्युटरच्या पोरापोरींना एक सांगणं आहे. प्रोजेक्टसाठी तेच ते लायब्ररी मॅनेजमेंट पुन्हा करू नका. डेबियनमधलं एखादं छोटं, कोणी सांभाळत नसलेलं पॅकेज घ्या. त्याची चिठ्ठी वाचा. ‘पाहिजेच’ लिहिलेलं खरंच पाहिजे का ते तपासा. एक ओळ खोडून दाखवता आली तरी जगभरच्या मशीनवर तुमचं काम जाईल. त्याला पुण्या-मुंबईचा पत्ता लागत नाही, वलगावचं नेट पुरतं.

पेढी नदीच्या काठावर आपल्या वलगावात २० डिसेंबर १९५६ ला गाडगेबाबांनी देह ठेवला. बाबांचं कीर्तन प्रश्नांचं होतं. ते विचारायचे, लोक उत्तर द्यायचे, आणि उत्तर देता देता लोकांनाच आपली गोम कळायची. सॉफ्टवेअर असो की सरकारी कागद, तशीच सवय लावून घ्या. हे मागता, ठीक. ते कुठून येतं? आणि त्याला काय लागतं? विचारत गेलात की चक्र कुठे आहे ते दिसतं. दिसलं की तोडायची जागाही दिसते.

तुमच्या कागदपत्रांच्या फेऱ्यात असं चक्र कुठे अडलंय, खाली लिहा. ऑफिसचं नाव नको, कोणता कागद कोणता कागद मागतो एवढंच लिहा. सगळी चक्रं एकत्र मांडून मी एक नकाशा करणार आहे. मग बघू, कोणती ओळ खोडता येते ते.